सुधनाच्या मागोमाग ताबोला

लांगझा, १५ कोटी वर्षांपूर्वी

स्पितीतल्या काझ्याहून आलेली जीप तुम्हाला लांगझाला उतरवते आणि धूळ उडवत परत फिरते. पाठीवर सॅक चढवून तुम्ही दहा पावलं टाकता न टाकता तोच धाप लागते. थांबा. हे गाव सुमारे ४,४०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या अडीच पटींहून उंच. हवेचा दाब इथे समुद्रसपाटीच्या ६० टक्क्यांच्या आसपास असतो. काझ्यात मुक्काम करून, शरीराला सवय लावून आलात हे बरं केलंत. आता पुढचे दिवस चालीचा वेग श्वासाला विचारूनच ठरवायचा.

समोर छाऊ छाऊ कांग निल्डा उभा आहे, ६,३०३ मीटर उंचीचा, बर्फाने पांढरा. त्याच्या पायथ्याशी जवाची आणि वाटाण्याची हिरवी चौकटं, त्यांच्याकडे उतरणारे पाण्याचे पाट, चुन्याने रंगवलेली सपाट छपरांची घरं. स्पिती हा हिमाचलचा पर्जन्यछायेतला प्रदेश. पाऊस इथे क्वचित येतो. जे हिरवं दिसतं ते वितळलेल्या बर्फावर आणि माणसाच्या कष्टावर वाढलेलं असतं.

गावाखालच्या घळीत काळ्या, ठिसूळ दगडांचा उतार आहे. तिथे एक मुलगा तुम्हाला हातातला गोटा उघडून दाखवतो. आत शिंगासारखी गुंडाळी, कडेकडेने बारीक आडव्या रेघा. हा तुम्ही आधी पाहिलाय. आजीच्या देवघरात, तांब्याच्या ताम्हणात, तुळशीच्या पानाखाली. आपला शाळिग्राम गंडकीच्या पात्रातून येतो आणि हा स्पितीच्या डोंगरातून, पण आतला जीव एकाच कुळातला: अमोनाइट.

आता त्या गोट्यावरून बोट फिरवा आणि काळाला मागे सोडा. धाप थांबते, कारण श्वास घ्यायला हवाच उरत नाही. तुम्ही टेथिस समुद्राच्या पाण्यात आहात. खाली काळा, मऊ गाळ. अंगाजवळून एक अमोनाइट जातो. शंखातल्या बंद कप्प्यांमधल्या हवेवर तरंगत, पाण्याची पिचकारी मारत, मागच्या मागे सरकत. त्याचं आयुष्य संपतं, शंख गाळात बसतो, त्यावर आणखी गाळ. भारताचा भूखंड अजून फार दूर दक्षिणेला आहे. तो उत्तरेकडे सरकत येईल, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडेल आणि हा समुद्रतळ घड्या पडत पडत आकाशात चढेल. लांगझाचं शेत त्याच घडीवर आहे.

फर्डिनंड स्टोलिच्का हा भूशास्त्रज्ञ १८६० च्या दशकात याच उतारांवरून हिंडला आणि त्याने इथल्या थरांचा क्रम लावला. दहा वर्षांच्या आतच, १८७४ मध्ये, काराकोरमच्या वाटेवरून परतताना तो वारला. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे.

गोटा मुलाच्या हातात परत द्या. विकत मागू नका. हे दगड घाटाखाली गेले, की पुढच्याला दाखवायला इथे काही उरत नाही.

डेमुल, साल सांगता येत नाही

हिक्किमच्या टपाल कचेरीतून घरी एक कार्ड टाकून तुम्ही कोमिकला मुक्काम करता. तिथला गोम्पा, म्हणजे मठ, साक्य पंथाचा, जाड भिंतींचा, दुरून किल्ल्यासारखा दिसणारा. दुसऱ्या दिवशी पहाटे डेमुलची वाट धरता. ही दिवसभराची चाल. मध्ये घर नाही, झाड नाही. एखाद्या उतारावर भरलांचा, म्हणजे रानमेंढ्यांचा, कळप मान वर करून तुमच्याकडे बघतो आणि पुन्हा चरू लागतो. खिंडीत लुंगतांच्या, म्हणजे प्रार्थनेच्या पताकांच्या, माळा फडफडत असतात. मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत आली की तुमचा वाटाड्या न बोलता तिच्या डावीकडून जातो, म्हणजे भिंत उजव्या हाताला राहते. तुम्हीही तसंच जा. प्रदक्षिणेची दिशा आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही.

दुपार उलटताना डेमुल दिसतं. रानातून याक आणि मेंढ्या परतत असतात, गल्लीत धुळीचा पट्टा उठलेला असतो. पाहुणे कुठल्या घरी उतरवायचे याची गावाने पाळी लावली आहे. आज एक घर, उद्या दुसरं, म्हणजे कमाई एकाच दाराशी अडकत नाही. तुमची आजची पाळी ज्या घरी आहे तिथली आमा दारातच ‘जुले’ म्हणते आणि सॅक हातातून घेते.

स्वयंपाकघर हेच घरातलं मोठं दालन. मधोमध पत्र्याची चूल, तिच्यात शेणी. फळीवर पितळेची आणि तांब्याची भांडी ओळीने लावलेली. जव तापलेल्या वाळूत भाजतात. दाणा फुटला की वाळू चाळून काढायची आणि मग तो पाणचक्कीवर दळायचा. हे पीठ म्हणजे त्सांपा. आमा लाकडी वाडग्यात लोण्याचा खारा चहा ओतते, वर पिठाचा ढीग घालते, डाव्या हाताने वाडगा फिरवत राहते आणि उजव्या हाताच्या बोटांनी कडेचं पीठ आत ओढते. वाडगा दोन-तीन फेरे घेतो तोवर पिठाचा गोळा तयार होतो. एक थेंबही सांडत नाही. तुम्ही करून बघता तेव्हा पीठ मांडीवर उडतं आणि आजोबा, म्हणजे मेमे, तोंडातल्या तोंडात हसतात. मग तुमचा वाडगा स्वतःकडे घेऊन पुन्हा सावकाश दाखवतात.

आता या दालनातून एकेक वस्तू बाहेर काढा. छपरावरचा सौर पट्टा काढा. पत्र्याची चूल काढा, तिच्या जागी तीन दगड मांडा. बटाटा काढा, तो समुद्रापलीकडून आलेला. हिरवा वाटाणा काढा, तो ट्रकने बाजारात जायला लागला त्याला फार वर्षं झाली नाहीत. साखर काढा. चहाची पत्ती काढा. काय उरलं? जव, लोणी, मीठ, लोकर, शेणी, याक, मातीचं छप्पर आणि पाहुण्याला आधी वाढायची रीत. एवढ्या सामानावर तुम्ही हजार वर्षं मागे जाऊ शकता आणि उपाशी राहणार नाही.

सकाळी निघताना तुम्ही मेमेंना इथल्या जुन्या देवळांबद्दल विचारता. डेमुलबद्दल जे ठाऊक आहे ते ते सांगतात आणि मग नदीपलीकडे हात करतात: तिथलं तिथल्या लोकांना विचारा, ल्हालुंगला.

ल्हालुंग, दहाव्या शतकाची अखेर

लिंगतीच्या पात्रापर्यंतचा उतार गुडघे काढतो आणि पलीकडचा चढ उरलेली हौस. ल्हालुंग शेतांच्या पायऱ्यांवर बसलेलं आहे. देऊळ बाहेरून पाहिलंत तर मातीचा चौकोनी ठोकळा. किल्लीवाला येतो, कुलूप काढतो, तुम्ही वाकून आत शिरता. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसत नाही. मग टॉर्चच्या उजेडात भिंती पुढे झुकलेल्या वाटतात, कारण त्या मूर्तींनी भरलेल्या आहेत. मातीच्या, रंगवलेल्या, सोन्याची झाक असलेल्या. बुद्ध, बोधिसत्त्व, त्यांच्याभोवती प्राणी आणि वेलबुट्टी. एकही वीतभर जागा मोकळी नाही.

गावकरी हे देऊळ रिंचेन झांगपोचं मानतात. या माणसाची गोष्ट समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही. म्हणून टॉर्च विझवा आणि त्याच्याबरोबर चालायला लागा.

दहाव्या शतकाच्या अखेरची एक पहाट आहे. पश्चिम तिबेटातल्या गुगे-पुरंगचा राजा येशे-ओ याने राज्यकारभारातून मन काढून भिक्षूची वस्त्रं घेतली आहेत. तिबेटात बौद्ध धर्माची घडी विस्कटून दीडशे वर्षं झाली आहेत. ग्रंथ अर्धवट, विधी सरमिसळ, खात्रीने सांगणारा कुणी नाही. राजाने हुशार मुलं निवडली आहेत. जा, काश्मीरला जा, संस्कृत शिका, ग्रंथ आणा, कारागीर आणा. परंपरा सांगते की ती २१ मुलं होती. त्यांतला एक ९५८ साली जन्मलेला रिंचेन झांगपो.

तुम्ही त्यांच्या मागून घाट उतरता. अंगात मेंढीच्या कातड्याचा झगा, पाठीवर जवाच्या पिठाची पिशवी, कमरेला राजाने दिलेलं सोनं. आठवडे जातात. हवा जड होत जाते, ओली होत जाते. झाडी दाट होते. ज्या पोरांनी उणे तिशीतल्या थंडीत जनावरं राखली त्यांना सपाटीची उष्णता सोसत नाही. एकाला ताप भरतो, तो उठत नाही. मग दुसऱ्याला. तुम्ही वाटेच्या कडेला दगड रचत जाता. २१ पैकी १९ परत आले नाहीत, असं परंपरा सांगते. दोघे परतले: रिंचेन झांगपो आणि लेगपे शेराब.

रिंचेन झांगपो त्यानंतर आयुष्यभर भाषांतर करत राहिला. तिबेटी लोक त्याला आजही ‘महान अनुवादक’ म्हणूनच ओळखतात. काश्मीरहून त्याने ३२ कारागीर आणले असं चरित्रात म्हटलं आहे आणि १०८ देवळं त्याच्या नावावर सांगितली जातात. हा पवित्र आकडा आहे, त्याचा हिशेब मागायचा नसतो. पण किन्नौरपासून लडाखपर्यंत कुठल्याही गावात जुनं मातीचं देऊळ दिसलं आणि कुणी बांधलं असं विचारलं, की त्याचंच नाव पुढे येतं. गावाच्या आठवणीत इतकी वर्षं घर करणारा भाषांतरकार जगात आणखी कुठे सापडेल?

टॉर्च पुन्हा लावा. भिंतीवरच्या मूर्तीचं नाक धारदार आहे, डोळे लांबट, कंबर बारीक, दागिने नाजूक. हा चेहरा स्पितीचा नाही. तो काश्मीरहून चालत आला आहे आणि त्याच्या वाटेवर १९ मुलं निजली आहेत.

धनकर, १८४१

ल्हालुंगहून धनकरची वाट कड्याच्या कमरेवरून जाते. वळण घेतलं की एकदम ते दिसतं: वाऱ्यापाण्याने कोरलेले मातीचे सुळके, सुळक्यांच्या टोकावर गोम्पा, त्याच्या वर किल्ल्याचे अवशेष, आणि खाली खोल दरीत पिन नदी स्पितीला मिळते आहे. उंची सुमारे ३,९०० मीटर. ही स्पितीची जुनी राजधानी. स्पितीचा प्रमुख, म्हणजे नोनो, इथूनच कारभार पाहायचा.

गोम्पाच्या ओसरीत बसा. १८४१ साल आहे. जम्मूचा डोगरा सरदार झोरावरसिंग तिबेटवर चालून गेला आहे आणि फौजांची झळ स्पितीलाही लागली आहे. गोम्पे लुटले जात आहेत. तुम्ही गावकऱ्यांबरोबर जवाची पोती पाठीवर घेऊन हा सुळका चढता. वाट एका माणसापुरती. आत कोठ्या आहेत, धान्य साठवायचं आणि वाट बघायची. स्पितीची माणसं लढवय्यी म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हती. फौज आली की गाव रिकामं करायचं, उंच चढायचं, फौज गेली की खाली उतरून पुन्हा शेतात पाणी सोडायचं. पाच वर्षांनी, १८४६ मध्ये, स्पिती इंग्रजांकडे गेली आणि अलेक्झांडर कनिंगहॅम सरहद्द आखायला इकडे आला. पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचा पाया घालणारा तोच हा कनिंगहॅम.

किल्ल्याखालची माती मात्र दरवर्षी थोडी थोडी ढासळते आहे. २००६ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या १०० स्थळांच्या यादीत धनकरचं नाव घातलं. भिक्षूंसाठी खालच्या अंगाला नवा गोम्पा बांधला आहे. जुन्यात शिरताना एका वेळी थोड्याच माणसांना सोडतात. तुमची पाळी येईपर्यंत थांबा आणि लाकडी जिन्यावर पाय हलका ठेवा.

ताबो, १०४२

धनकरहून खाली उतरलात की गाडीरस्ता लागतो आणि नदीच्या काठाकाठाने ताबो येतं. उंची सुमारे ३,२८० मीटर. इतके दिवस उंचावर राहिल्यावर इथली हवा भरभरून मिळते. सफरचंद आणि जर्दाळूच्या बागा आहेत. गावाच्या पोटात एक मातीची तटबंदी, तिच्यात बुटकी, बिनखिडक्यांची देवळं आणि छोर्तेनं, म्हणजे स्तूप. कुठेही उंच शिखर नाही, सोन्याचं छप्पर नाही. पहिल्यांदा पाहणारा विचारतो, एवढंच?

येशे-ओने हा विहार वानर वर्षात, म्हणजे ९९६ साली स्थापला. ४६ वर्षांनी त्याच्या भावाचा नातू जांगचुब-ओ याने त्याचा जीर्णोद्धार केला. ही गोष्ट सभामंडपाच्या भिंतीवरच्या लेखात लिहून ठेवलेली आहे. म्हणून आपण १०४२ हे साल धरू. उन्हाळा आहे. तुम्ही किन्नौरकडून गव्हाची पोती घेऊन आलात, मेंढ्यांच्या पाठीवर. परत जाताना तिबेटी मीठ न्यायचं आहे. पण देवळाच्या दारातून ओल्या मातीचा आणि तापवलेल्या सरसाचा वास येतो आणि पाय आत वळतात.

दाराच्या खोलीत जुनी चित्रं आहेत, पहिल्या बांधणीच्या वेळची. येशे-ओ भिक्षूच्या वेशात बसला आहे, शेजारी त्याचे दोन मुलगे, नागराज आणि देवराज. चित्रांखाली नावं लिहिली आहेत. तुम्हाला वाचता येत नाही, पण आतला एक भिक्षू वाचून दाखवतो.

आत सभामंडपात गडबड आहे. भिंतींच्या कडेने, माणसाच्या डोक्याहून वर, मातीच्या मूर्ती बसवल्या आहेत. भिंतीत ठोकलेल्या लाकडी खुंट्यांवर त्यांचा भार आहे, त्यामुळे त्या हवेत बसल्यासारख्या वाटतात. ३२ मूर्ती भिंतींवर आणि मागच्या बाजूला, चारी दिशांना तोंड करून, चौरूपी वैरोचन बुद्ध. हे वज्रधातू मंडल आहे. कागदावर वा कापडावर काढलेलं मंडल बाहेरून पाहायचं असतं. इथे दारातून आत आलात त्या क्षणी तुम्ही मंडलाच्या आत आहात.

मूर्तींखाली, नजरेच्या पातळीवर, चितारी काम करत आहेत. भिंत मातीची आहे, तिच्यावर बारीक मातीचा थर, घोटून गुळगुळीत केलेला आणि पूर्ण सुकू दिलेला. रंग दगड कुटून केलेले, सरसात कालवलेले. एक चितारी शिंपल्यातला निळा रंग कुंचल्याच्या टोकावर घेतो, जास्तीचा अंगठ्याच्या नखावर पुसतो आणि एका पोराच्या उत्तरीयाची कड एका दमात ओढतो. श्वास रोखून ओढतो. रेघ संपल्यावरच सोडतो.

हा पोरगा कोण, असं तुम्ही विचारता. भिक्षू तुम्हाला दारापाशी परत नेतो आणि डाव्या हाताने सुरुवात करायला सांगतो, प्रदक्षिणेच्या दिशेने.

हा सुधन, व्यापाऱ्याचा मुलगा. गंडव्यूह सूत्राचा नायक. मंजुश्री बोधिसत्त्व त्याला सांगतो, शिकायचं असेल तर कल्याणमित्र, म्हणजे गुरू, शोध. आणि पहिला पत्ता देतो: दक्षिणापथातल्या एका डोंगरावर राहणारा मेघश्री नावाचा भिक्षू. सुधन चालत जातो. मेघश्री त्याला आपल्याजवळचं सगळं देतो आणि म्हणतो, मला एवढंच ठाऊक आहे. यापुढचं हवं असेल तर अमक्या गावी अमक्याला विचार. सुधन नमस्कार करतो, प्रदक्षिणा घालतो आणि पुढे निघतो. पुढचाही तेच म्हणतो. असे पन्नासच्या वर गुरू. राजा आहे, गंधी आहे, समुद्रावरचा नावाडी आहे, सोनार आहे. वसुमित्रा नावाची स्त्री आहे, जिच्याकडे जाऊ नकोस असं लोक त्याला बजावतात आणि तरीही तो जातो आणि शिकतो. नदीकाठच्या वाळूत खेळणारा इंद्रियेश्वर नावाचा मुलगा आहे, तो त्याला गणित शिकवतो. प्रभूता नावाची उपासिका आहे. तिच्या घरी एक लहानसं भांडं आहे आणि त्यातून कितीही माणसं जेवली तरी ते रितं होत नाही.

प्रभूतेच्या चित्रापाशी तुम्ही थांबता. डेमुलच्या आमाचा वाडगा तुम्हाला आठवला तर त्यात नवल नाही. सुधनाच्या गुरूंपैकी बरेच जण मठात राहत नाहीत. ते आपापल्या घरात, आपापल्या धंद्यात आहेत आणि ज्याला त्याला आपलं एकच काम नीट येतं. ज्ञान असं माणसामाणसांत वाटलेलं आहे, म्हणून ते गोळा करायला चालावं लागतं. हे ज्यांनी या भिंतीवर काढून घेतलं त्यांना ते पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांच्या आजोबांच्या पिढीने २१ मुलं काश्मीरला धाडली होती. आणि याच १०४२ साली विक्रमशिलेचा आचार्य अतीश दीपंकर, वय ६० च्या घरात, नेपाळमार्गे हिमालय ओलांडून गुगेला, थोलिंगला पोहोचला. त्याला आणवलं तेही जांगचुब-ओनेच. रिंचेन झांगपो तेव्हा ८४ वर्षांचा होता. भारतातून नवा पंडित आलाय म्हटल्यावर हा म्हातारा अनुवादक त्याला भेटला आणि त्या वयात पुन्हा शिष्य झाला.

तुमची प्रदक्षिणा वैरोचनाच्या मागच्या गर्भगृहाला वळसा घालून उत्तरेच्या भिंतीवर येते. इथे त्याच उंचीवर बुद्धाचं चरित्र आहे. आधी शोधणारा, मग ज्याला सापडलं तो. हा क्रम तुम्ही उभे राहून वाचू शकत नाही, देवळात चालावंच लागतं.

ताबो, १९३३ ते आज

दार एकदा उघडतं आणि उजेडात इटालियन पंडित ज्युसेप्पे तुची उभा असतो. साल १९३३. बरोबर छायाचित्रं घेणारा युजेनिओ गेर्सी. त्याआधी १९०९ मध्ये मोरावियन मिशनरी ए. एच. फ्रांके येऊन गेलेला आहे. तुची भिंतीवरचे लेख उतरवून घेतो, हस्तलिखितांची पानं चाळतो. पुढच्या दशकांत व्हिएन्नाचे अभ्यासक येतील. डेबोरा क्लिम्बर्ग-साल्टर चित्रांचा आणि शिल्पांचा अभ्यास करतील, एर्न्स्ट स्टाइनकेलनर हस्तलिखितं आणि लेख वाचतील, आणि जीर्णोद्धाराची गोष्ट जगाला कळेल.

पुन्हा एकदा जमीन हलते. १९ जानेवारी १९७५, किन्नौरचा भूकंप. बाहेर कडाक्याची थंडी, घरांच्या भिंती कोसळताहेत. देवळांना तडे जातात, पण मुख्य देवळाच्या मूर्ती आपल्या खुंट्यांवर तग धरून राहतात. १९८३ मध्ये शेजारी नवा सभामंडप उभा राहतो आणि त्याच वर्षी दलाई लामा इथे कालचक्र दीक्षा देतात. १९९६ मध्ये विहाराला हजार वर्षं पूर्ण होतात, तेव्हा ते पुन्हा येतात आणि ही लहानशी दरी माणसांनी भरून जाते.

आता तुम्ही आजच्या ताबोत आहात. कॅमेरा बाहेर ठेवा, आत छायाचित्रं काढू देत नाहीत. टॉर्च न्या, पण तिचा झोत एका ठिकाणी फार वेळ धरू नका. भिंतीला टेकू नका. वरच्या झरोक्यातून जो थोडा उजेड येतो तेवढ्यात बराच वेळ बसलात तर रंग हळूहळू स्वतःच पुढे येतात.

ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. मराठी माणसाने या नावाचा नीट विचार केला पाहिजे. अजिंठ्याची मुख्य चित्रं पाचव्या शतकातली, ताबोची त्यानंतर पाचशे वर्षांनी, आणि ताबोचं जवळचं नातं काश्मीरशी आहे. पण सुकलेल्या मातीच्या गिलाव्यावर सरसात कालवलेला खनिज रंग, ही रीत दोन्हीकडे सारखी. फरक पुढे पडला. अजिंठ्याचा विहार ओस पडला, वाघूरच्या घळीत रान माजलं आणि १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या इंग्रजांना तो दिसला. आपल्याकडे चित्रं उरली, त्यांच्यासमोर बसणारे भिक्षू गेले. ताबोत दोन्ही उरलं. हजार वर्षांपूर्वी ज्या विहारात भिक्षू पाठ म्हणायला बसायचे तिथे आजही पहाटे पाठ होतो. म्हणून अजिंठ्यात पडणारा प्रश्न, इथे माणसं नेमकं काय करत होती, त्याचं उत्तर इथे शांतपणे मागे बसून बघता येतं.

आणि हे उत्तर फार नाजूक मातीवर उभं आहे. मातीचं सपाट छप्पर कोरड्या हवेसाठी केलेलं असतं. बर्फ पडला की लोक वर चढून तो लोटून देतात, माती दाबून घेतात. पाऊस वेगळा. तो मुरतो, आतून ओघळतो आणि रंगावरून रेघा पाडत उतरतो. ताबोच्या भिंतींवर अशा रेघा आहेत. हवामान बदलून स्पितीत पाऊस वाढला तर पहिला फटका या छपरांना आहे. ताबोच्या देवळांची देखभाल पुरातत्त्व खातं करतं. पण ल्हालुंगची किल्ली सांभाळणारा, धनकरच्या जिन्यावर माणसं मोजून सोडणारा भिक्षू, घराघरांतून वर्गणी आणि जव गोळा करून पूजा चालू ठेवणारी गावं यांच्यावाचून नुसती डागडुजी अपुरी आहे. तरुण माणसं हिवाळ्यात खाली शहरात उतरतात आणि त्यांतली काही परत येत नाहीत. तुम्ही घाईघाईने गाडीतून तीन गोम्पे उरकून काझ्याच्या हॉटेलात राहिलात तर या गावांना तुमचा उपयोग नाही. डेमुलच्या घरात राहिलात, ल्हालुंगला जेवलात, गावातलाच वाटाड्या घेतलात, तर त्या घरातल्या पोराला इथे राहायला एक कारण मिळतं.

निघण्याआधी तुम्ही भिक्षूला सुधनाबद्दल आणखी विचारता. त्याला ठाऊक आहे तेवढं तो मन लावून सांगतो. मग तुम्ही कुठून आलात ते विचारतो, आणि महाराष्ट्र म्हटल्यावर भिंतीवरच्या पहिल्या प्रवासाकडे बोट दाखवतो. मंजुश्रीने सुधनाला धाडलं ते तुमच्याकडे, दक्षिणापथात.

तेव्हा पुढचा मुक्काम ठरला. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीत डावीकडे एक भग्न भवचक्र आहे. हिमालयातल्या गोम्पांच्या दाराशी जे चक्र बहुधा रंगवलेलं असतं, त्याचं हे आपल्या घरचं जुनं रूप. शाळेच्या सहलीत तुम्ही ते पाहून पुढे गेला होतात. आता पुन्हा जा, सोबत मुलांना न्या. हे चक्र काय सांगतं ते त्यांनी विचारलं, की ताबोत शिकलात तेवढं त्यांना सांगा, आणि त्यापुढचं विचारायला स्पितीच्या वाटेला लावा.